किल्लारीच्या भिंती आणि शासनाचा नकाशा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे नुकतीच निजली होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. वस्तुतः १९९२ मध्येच किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते. नकाशा एक सांगत होता, जमीन दुसरेच. अशा वेळी कागदावर विसंबण्याची सवय आम्हा शासकीय मंडळींना अधिक, हे मान्य केले पाहिजे.

बहुतेक बळी घेतले ते घरांनी. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. परंतु आतला व बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला आणि मधल्या पोकळीत दगडगोटे भरलेले. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच असत. त्यावर उन्हापासून रक्षण करणारा मातीचा जड थर. धक्क्यासरशी भिंती फुगल्या, दुभंगल्या आणि छत खाली आले. याउलट जेथे छताचा भार लाकडी खांब व तुळयांवर होता, तेथे काही घरांच्या भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. दगड दोषी नव्हता; बांधणी दोषी होती.

जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसली. त्यांचे रुंद रस्ते पाहुण्यांच्या नजरेत भरतात, परंतु शेत, गोठा आणि शेजार यांचा जुना मेळ अनेक ठिकाणी तुटला. त्या मानाने दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम अधिक शिकवून गेले. तेथे घरमालकाने स्वतः काम करून घ्यावयाचे होते आणि कुटुंबे व अभियंते यांच्यामधील दुवा म्हणून गावच्याच महिला ‘संवाद सहायक’ झाल्या.

नकाशा सुधारण्यास मात्र २००२ साल उजाडले. तोवर भूजचा भूकंपही होऊन गेला होता. नव्या नकाशात पहिला पट्टाच रद्द झाला व किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आली. पुढे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमातील कलम ४१ ने स्थानिक प्राधिकरणांवर, त्यांत पंचायतीही आल्या, एक कर्तव्य सोपविले : आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्तीप्रतिबंधाच्या मानकांनुसार होतील हे पाहणे. शाळेच्या नव्या खोलीची पहिली वीट बसण्यापूर्वी सरपंच व मुख्याध्यापक यांनी अभियंत्याला हे विचारण्यास काहीच हरकत नाही.