पाण्यातले पहारेकरी

पावसाळा चांगला लागला, की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात खडकांच्या खळग्यांतून पाणी साठते. दुरून ते पाणी निश्चल दिसते. पण जवळ जाऊन पाहावे, तो तेथे मोठी धामधूम चाललेली असते. एक चिमुकला किडा उताणा होऊन, दोन लांब पाय वल्ह्यांप्रमाणे मारीत पोहत असतो. डासाची अळी श्वास घेण्यासाठी वर आली, की तो तिला पकडतो आणि सोंड खुपसून तिच्या अंगातील रस शोषून घेतो. तळाशी चतुराचे पिल्लू दबा धरून बसलेले असते. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो ओठ झटकन पुढे येतो व अळीला ओढून घेतो. आकाशात डौलाने विहरणाऱ्या चतुराचे बालपण असे शिकारीत जाते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून खरे वाटणार नाही!

अशा पाण्यात अंडी घालणे म्हणजे लेकरांना बिबट्याच्या दारात सोडणेच होय. डासाच्या मादीला हे कळते काय? काही जातींच्या मादीला खचित कळते. इस्राएलमधील संशोधकांना असे आढळले, की तेथील एका जातीची मादी उताणे पोहणारे किडे असलेले पाणी टाळते. त्या किड्यांपासून सुटणारी दोन द्रव्ये तिला सावध करतात, हे 2010 साली प्रसिद्ध झाले. सर्वच डासांना ही जाण असते, असे मात्र नाही.

डबक्यावर सरसकट विषारी औषध फवारले, तर अळ्यांबरोबर हे पहारेकरीही मरतात. मग डास लवकर परततात. चतुराच्या पिल्लाची वाढ होण्यास मात्र महिन्याहून अधिक काळ लागतो.

पहाऱ्याला भ्यालेली मादी अंडी घालावयाची थांबत नाही. ती दुसरे पाणी शोधते. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत पिंपे भरून ठेवलेली असतात, इमारतींच्या गच्चीवर टाक्या असतात, कुंड्यांखाली बशा असतात. या पाण्यात वैरी नाही. 1911 साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी केली, तेव्हा शहरातील विहिरींत वाढणारे डासच त्याला कारण असल्याचे दिसून आले. तीच जात आज गच्चीवरच्या टाक्यांतही वाढते. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची मादी तर पिंपाच्या आतील बाजूस, पाण्याच्या किंचित वर अंडी चिकटविते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही, आतून घासावे लागते. आणि तेही आठवड्यातून एकदा, कारण अंड्यातून निघालेल्या अळीचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अर्धवट झाकलेल्या पिंपात चतुर सहसा येत नाही. डासाच्या मादीला मात्र बोटभर फट पुरते.