साठीनंतरचें शिक्षण

गायकानें उतारवयांत जुन्याच गीतांवर विसंबावें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस हें पटत नाहीं. आशाताई भोसले यांनीं १९४३ सालीं 'माझा बाळ' ह्या मराठी चित्रपटांत प्रथम पार्श्वगायन केलें. साठी उलटल्यावर, कीर्ति शिखरास पोंचली असतांही, त्या सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांजकडे शिष्येप्रमाणें अकरा बंदिशी शिकल्या. त्यांचाच 'लेगसी' हा संग्रह निघाला. पुढें २००५ सालीं अमेरिकेंतील क्रोनोस तंतुवाद्य-चौकडीच्या साथीनें त्यांनीं राहुलदेव बर्मन यांचीं चित्रपटगीतें नव्यानें ध्वनिमुद्रित केलीं. दोन्ही संग्रहांस ग्रॅमी पारितोषिकाचें नामांकन लाभलें. विद्यार्थ्यांनो, परीक्षा संपतांच आपण पुस्तक मिटतों. परंतु विद्येस परीक्षेची सीमा नाहीं. जो शिकत राहतो, त्याचेंच गाणें ताजें राहतें.