परिसर अभ्यास : विडीचा हिशेब

कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) येथे विडी कामगार स्त्रियांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 साली उभी राहिली. जानेवारी 2024 मध्ये रे नगरातील 15,000 घरे असंघटित कामगारांना मिळाली. येथील घराघरांतून तेंदूपाने कातरून, तंबाखू भरून विड्या वळल्या जातात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते.

शिक्षकांनी पान, तंबाखू व दोरा कोठून येतो आणि विडी कोठे जाते, हे मुलांकडून काढून घ्यावे. नंतर हजारी दरावरून 700 विड्यांची मजुरी काढण्यास सांगावे.

मात्र हजारी पुरी करण्यासाठी मूल घरी राहिले, तर बुडालेला पाठ या हिशेबात येत नाही. हजेरीपटात असा खाडा दिसताच शिक्षकांनी घरी जाऊन आईची अडचण समजून घ्यावी.