चार खाड्या ओलांडत एसटीने रत्नागिरी

अलिबागहून रत्नागिरीला किनाऱ्याकिनाऱ्याने नेणारी एकही एसटी नाही. मुंबई-रत्नागिरी गाड्या महामार्गाने, समुद्रापासून बऱ्याच आतून जातात. किनारा बघायचा तर प्रवासाचे तुकडे पाडावे लागतात, आणि ते खाड्यांनी आधीच पाडून ठेवलेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडी धक्क्यापाशी संपते, आपण पाठपिशवी घेऊन फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे दुसरी गाडी धरायची. म्हणून बेत बीचवरून आखू नका, खाड्यांवरून आखा. सहा दिवस हाताशी असतील तर ही भटकंती निवांत होते. चारच असतील तर दाभोळला थांबा, पुढचं नंतर करा.

खाडी ओलांडली की तालुका बदलतो आणि तालुक्याबरोबर एसटीचं आगारही. मुरुडच्या चौकशी खिडकीवर दिघीहून श्रीवर्धनची गाडी किती वाजता ते कळेलच असं नाही. ते कळतं फेरीबोटीवर तिकीट फाडणाऱ्याकडून, नाहीतर धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर. मोबाइलवर सापडणाऱ्या जुन्या वेळापत्रकापेक्षा या दोघांवर विसंबा.

कोकणातल्या गावगाड्यांचा एक हिशेब आहे, तो समजला की निम्मी काळजी मिटते. मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे ती परत निघते. कॉलेजची मुलं, बाजारकरी, कोर्टाच्या कामाचे लोक सगळे तिनेच जातात. सकाळी प्रवाह गावाकडून तालुक्याकडे, संध्याकाळी उलटा. मधली दुपार रिकामी. त्यामुळे खाडी दुपारच्या आत ओलांडलेली बरी. संध्याकाळी पलीकडे उतरलात तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील, तुम्हाला हवी ती तालुक्याकडची मिळेलच असं नाही. रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत काही फेऱ्या रद्द होतात. गणपतीच्या आसपास गाड्या चाकरमान्यांच्या दिमतीला असतात, तेव्हा हा बेत नकोच.

सुरुवात गेटवे-मांडवा लाँचने करा, पुढे अलिबागहून मुरुडची गाडी धरा. रेवदंडा, कोर्लई, काशीद करत जाणाऱ्या या रस्त्यावर चालकाच्या बाजूची खिडकी मिळवा. दक्षिणेकडे जाताना समुद्र कायम उजव्या हाताला. दुपारनंतर त्याच खिडकीतून ऊन तोंडावर येतं, हे सकाळी निघायचं आणखी एक कारण. मुरुडला मुक्काम, सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा, मग आगरदांडा. एक सावधगिरी: पुढे दापोली तालुक्यातही मुरुड आहे, महर्षी कर्व्यांचं. पाटी वाचून घाईने चढू नका, वाहकाला विचारा.

दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर. इथे थोडं थांबून सांगतो, कारण इथे माणसं वाहून गेली आहेत. देवळामागून पायऱ्यांनी कड्याखाली उतरलं की लाटांनी कोरलेल्या सपाट खडकावर आपण येतो. कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, पायाखाली शेवाळ, आणि प्रदक्षिणेची वाट याच खडकावरून. ही वाट फक्त ओहोटीची. भरती कधी याचा कोळ्यांचा आडाखा सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे पाणी पूर्ण चढलेलं असतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी फारसं उतरत नाही. म्हणून हिशेब जमला तरी देवळापाशी विचारल्याशिवाय खाली उतरू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

बागमांडल्याहून बाणकोटची खाडी, म्हणजे सावित्री, ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळास जवळच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथे सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. गावातच घरगुती राहायची सोय होते, पण आधी कळवून जा. वेळासहून दापोली भागात जायला अनेकदा मंडणगडला जाऊन गाडी बदलावी लागते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. हर्णै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. घेणारे-विकणारे घाईत असतात, वाटेत उभं राहून फोटो काढू नका.

दाभोळ-धोपावे ही या वाटेवरची सगळ्यात उपयोगी फेरीबोट. दापोलीहून गुहागर रस्त्याने खेड-चिपळूण करत शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. इथे वाशिष्ठीचं मुख पाण्यावरून काही मिनिटांत पार होतं. बोटीची झडप धक्क्यावर टेकली की आधी गाड्या चढतात, मग दुचाक्या, आणि माणसं कडेच्या कठड्याला उभी राहतात.

गुहागर ते तवसाळ हा सर्वात कच्चा दुवा. गाड्या मोजक्याच. गुहागर स्टँडवर आदल्या संध्याकाळी वेळ विचारून ठेवा, नाहीतर हेदवीपासून रिक्षाची तयारी ठेवा. जयगडहून गणपतीपुळ्याच्या वाटेवर मालगुंड लागतं, ते केशवसुतांचं जन्मगाव. तिथलं स्मारक पाहायला अर्धा तास काढाच. पुळ्याहून रत्नागिरीच्या गाडीत चढताना ‘आरे-वारे मार्गे का?’ एवढं विचारा. काही गाड्या निवळीवरून आतून जातात, आणि सगळ्यात सुंदर रस्ता तोच हुकतो.

पाठपिशवी चाळीस लिटरच्या आतली हवी. साध्या गाडीत सामान मांडीवर किंवा वरच्या फळीवर. सुट्टे पैसे जवळ ठेवा. जेवण सकाळीच सांगून ठेवा, घरगुती खानावळीत माणसं मोजूनच भात टाकतात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. ‘आवडेल तेथे प्रवास’ पास लांब पल्ल्याला चांगला, पण या तुकड्यांच्या वाटेवर तो वसूल होत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि मांडव्याच्या लाँचही.

परतीसाठी रत्नागिरीहून कोकण रेल्वे आहे. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षेचा वेळ धरून निघा, आणि आरक्षण मात्र घरून निघण्याआधीच करून ठेवा.