जखमीला उचलण्यापूर्वी

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे माणसे धावून येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण धावून आलेला एक जण जखमीच्या काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि 'उचला, उचला' म्हणत त्याचे मुटकुळे करून त्याला जीपमध्ये कोंबले जाते. आजचा लेख या पहिल्या काही मिनिटांविषयी आहे.

आपल्या मानेत सात मणके असतात. त्यांच्या पोकळीतून साधारण करंगळीच्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूचे सारे हुकूम त्यातूनच हातापायांकडे जातात. श्वासपटल हलविणारी नसही मानेतच निघते. मणका मोडला तरी रज्जू शाबूत असू शकतो. अशा वेळी मान लुढकली किंवा कंबर लोंबकळली, तर सरकलेल्या हाडाखाली रज्जू चेपतो, आणि तुटलेला रज्जू पुन्हा जुळत नाही.

चिंचा झोडताना झाडावरून पडलेल्या एका तरुणाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून माझ्याकडे आणले होते. पडल्यावर तो पाय हलवीत होता, असे आणणारेच सांगत होते. दवाखान्यात उतरवला तेव्हा पायाला टोचलेली टाचणीही त्याला कळत नव्हती. पुढे तो चालू शकला नाही. आणणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. त्याला मी काय सांगणार?

म्हणून जागा धोक्याची नसेल, तर जखमीला हलवूच नये. आग, पाणी, कोसळती भिंत, अंगावर येणारी वाहने ही हलविण्याची खरी कारणे. (विजेची तार असेल तर आधी वीज बंद करावी, नाहीतर सोडविणाराच चिकटतो.) एकटेच असाल तर उचलू नका, ओढा. डोक्याच्या बाजूला जाऊन खांद्याजवळचे कपडे घट्ट धरावेत, त्याचे डोके आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये टेकलेले ठेवावे आणि सरळ रेषेत मागे सरकावे. हेल्मेट ओढून काढू नये; नुसती काच वर करावी.

मग १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत मिळते. ती पोहोचू शकत नसेल, तर चार माणसे आणि एक दाराची फळी एवढे लागते. बाज चालत नाही, तिला झोळ पडतो. एकाने दोन्ही हातांनी फक्त डोके व मान धरावी, आणि हुकूमही त्यानेच द्यावा. बाकी तिघांनी एकाच बाजूला गुडघे टेकून खांदा, कंबर व पाय धरावेत. 'एक, दोन, तीन' म्हणताच लाकडाचा ओंडका वळवावा तसे सारे अंग एकदम कुशीवर वळवून फळी खाली सरकवावी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावाव्यात आणि छाती, कंबर व मांड्या धोतराने किंवा साडीने फळीला बांधाव्यात. टेम्पो सावकाश हाकावा.

बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ मागे पडते आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल पण घरघर किंवा उलटी होत असेल, तर मणक्याची शंका असूनही त्याला कुशीवर करावे. फक्त डोके व धड एकत्र वळवावे. इथे श्वास पहिला, मणका नंतर. श्वासच नसेल तर गाडी शोधत बसू नये. तिथेच कठीण जमिनीवर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोराने दाबत राहावे. पाणी पाजणे, गदागदा हलविणे, कांदा किंवा चप्पल हुंगविणे यातले काहीही करू नये. तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते.

'पोलिसांचे लचांड नको' म्हणून अनेक जण लांबच उभे राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. डॉक्टरांना मात्र एवढे जरूर सांगावे: तो किती वाजता पडला, मध्ये शुद्धीवर आला होता का, आणि उचलण्यापूर्वी हातपाय हलवीत होता का.