तापीचा काठ आणि सागराचा किनारा

श्रीक्षेत्र चांगदेव (ता. मुक्ताईनगर) येथे महाशिवरात्रीच्या यात्रेस येणारा भाविक प्रथम संगमावर जातो. ईशान्येकडून सूर्यकन्या तापी आणि पूर्वेकडून पूर्णा, अशा दोन सरिता येथे एकत्र येतात. स्नान होते, दर्शन होते. परंतु ज्या काठावर उभे राहून हे सारे घडते, तो काठ मागील यात्रेच्या वेळी होता तसाच आहे काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो तसाच नसतो.

खानदेशात समुद्र नाही. तरीही पाणी भूमीला कसे कोरते व कसे घडवते, याचा पाठ तापीकाठी उत्तम प्रकारे मिळतो. सातपुड्याच्या दक्षिणेस खचलेल्या लांबट खोऱ्यात तापीने गाळाचे जाड थर पसरले आहेत. केळी व कपाशीचे वैभव याच गाळावर उभे आहे. पण हा गाळ म्हणजे खडक नव्हे. नदी वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूस प्रवाह वेगाने आदळतो व काठाचा पायथा पोखरतो. आतल्या बाजूस वेग मंदावतो व वाळू साचते. म्हणून एका तीरावर सरळ उभी दरड, तर समोरच्या तीरावर सपाट वाळवंट, असे दृश्य दिसते.

सर्वसाधारण समजूत अशी की, काठ पुराच्या ऐन भरात कोसळतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो पूर ओसरताना कोसळतो. चढत्या पाण्यात काठाची माती भिजून जड होते, मात्र बाहेरील पाण्याचा दाब तिला आधार देत असतो. पाणी झपाट्याने उतरले की तो आधार जातो, आतील ओल तशीच राहते आणि दरडीचा तुकडाच्या तुकडा खाली बसतो. पावसाचे पाणी शेतातून नदीकडे धावताना जे चर पाडते, त्यांच्या पुढे घळी होतात. नदीकाठच्या चांगल्या जमिनी अशाच नापीक झाल्या आहेत.

संगमाच्या खालच्या अंगास हतनूर धरण आहे. त्याच्या ४१ दरवाज्यांमागे अडलेले पाणी संगमापर्यंत मागे पसरते. हा जलाशय जणू लहानसा सागरच! वाऱ्याने उठणाऱ्या लाटा त्याच्या मऊ काठावर आदळतात व पातळी उतरत जाते तसतशा काठावर पायऱ्यांसारख्या रेषा उमटतात. वाहते पाणी येथे संथ होत असल्याने गाळ खाली बसतो, आणि त्यामुळे धरणाची साठवणक्षमता घटत गेली आहे.

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे डुमसजवळ खंबायतच्या आखातास मिळते. गोदावरी व कृष्णा यांच्या मुखाशी मोठे त्रिभुज प्रदेश आहेत. तापीच्या मुखाशी मात्र खाडी आहे. आखातातील भरती-ओहोटी इतकी प्रबळ असते की, नदीने आणलेला गाळ एका जागी फार काळ टिकत नाही. शिवाय १९७२ साली उकाई धरण झाल्यापासून वाळू-गाळाचा मोठा हिस्सा वरच अडतो. किनाऱ्याची वाळू लाटा नेतात व नद्या भरून देतात; भरून देणारा हात आखडला तर किनारा झिजणारच.

खडकाळ किनाऱ्याचे उदाहरण पाहावयाचे तर कोकणातील श्रीक्षेत्र हरिहरेश्वर घ्यावे. खानदेशात आहे तोच काळा कातळ तेथेही आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाटांनी कड्याचा पायथा खाऊन कडा मागे हटवला आणि पुढे सपाट खडकाळ ओटा राहिला. खारे पाणी खडकाच्या छिद्रांत शिरून सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात व पृष्ठभाग मधमाशीच्या पोळ्यासारखा होतो. प्रदक्षिणेचा मार्ग याच ओट्यावरून जातो; म्हणूनच ती ओहोटीच्या वेळीच करावयाची असते. भरतीच्या लाटेने तेथे भाविक ओढले गेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत.

दानशूर मंडळी घाट बांधण्यासाठी आनंदाने देणगी देतात, हे स्तुत्यच आहे. तथापि मऊ गाळावर नुसत्या दगडी पायऱ्या बसविल्या आणि पायथ्याशी खोल पाया व मोठ्या दगडांची भर घातली नाही, तर पाणी पायरीखालची माती काढून नेते व घाट पोकळ होतो. पायथ्याचे काम पाण्याखाली राहते, त्यावर नावाची पाटी लागत नाही. खर्च मात्र तेथेच आधी व्हावयास हवा. वरच्या बाजूस गवत व झाडे राखणे हेही त्याच कामाचा भाग होय.

भाविकांनी दरडीच्या कडेवर उभे राहू नये. कडेला समांतर भेग दिसल्यास तो भाग सुटलेला आहे असे समजावे व मुलांना दूर ठेवावे. दरडीखाली पाणी एकदम खोल असते, म्हणून स्नान उतरत्या वाळूच्या बाजूस करावे. धरणाच्या खाली मुडावद, प्रकाशा इत्यादी तीर्थी पावसाळ्यात स्नान करणाऱ्यांनी पाणी सोडण्याच्या सूचनेची चौकशी गावातच करून मग पात्रात उतरावे.