आधी खिडक्या उघड, शिडं नंतर

काल संध्याकाळी तू माझ्या ओट्याला टेकून उभी होतीस आणि चहावर साय धरेपर्यंत एकच वाक्य तीनदा बोललीस, "ताई, तिकडे जायला नको वाटतंय आणि इथं राहवतही नाही." मी तेव्हा गप्प बसले, कारण तुला उत्तर नको होतं, कुणीतरी ऐकायला हवं होतं. रात्री मात्र झोप लागेना. म्हणून हे लिहितेय. देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसल्यावर निवांत वाच.

बघ, तीन आठवड्यांसाठी म्हणून आलीस आणि साडेचार महिने राहिलीस. बाबा गेले. तेरावा होतो न होतो तोच आईचा पाय बाथरूममध्ये घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यात बँकेच्या चकरा, वारसांच्या सह्या, भावाबरोबर झालेली ती बोलाचाली. आणि त्या सगळ्यात तुमची बोट लंकावीला, रेबाकच्या यार्डात लाकडी ठोकळ्यांवर, बंद. तुझ्या डोक्यात दोन घरं एकदम गळतायत गं. अशा वेळी कुणालाही दडपण येईल.

खरं सांगू का, मला तुझी काळजी बोटीपायी नाही. बोट सुधारते. मला काळजी आहे ती तू पोचल्या दिवसापासून कंबर कसशील आणि आठवड्याच्या आत ती पाण्यात ढकलशील याची. कारण मी नेमकं तेच केलं होतं.

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा आम्ही बोटीवर राहायला लागून तिसरं वर्ष होतं. समर्थनगरच्या घरातलं सगळं उरकून मी परत गेले, आणि चौथ्या दिवशी आम्ही नांगर उचलला. मला हातांना काम हवं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. ह्यांनी विचारलंही, "थांबायचं का?" मी नाही म्हटलं. दोन तासांत इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. वारा वाढत होता, शिड आखडून रीफ घ्यायला मी उशीर केला, वर उलट्या सुरू झाल्या, कारण इतके महिने जमिनीवर राहून शरीर समुद्र विसरलं होतं. कसेबसे परत आलो. कारण काय निघालं माहितीय? डिझेलच्या टाकीला हवा घ्यायला बाहेर एक बारीक नळी काढलेली असते ना, तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलं होतं. नखाएवढं, अगदी गुळगुळीत लिंपलेलं. आत हवा शिरेना, मग पंपाला डिझेल ओढवेना. मी ते टोकरून काढलं, तळहातावर घेतलं आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. अण्णांसाठी तोवर रडलेच नव्हते मी.

म्हणून तुला पहिली ताकीद, आणि ही मोठ्या बहिणीची ताकीद समज. पहिल्या तीन रात्री बोटीवर झोपायचं नाही. किनाऱ्यावर खोली घ्या. पैशांकडे बघू नकोस. बोट ठोकळ्यांवर उभी आहे, म्हणजे संडासला जायचं तरी मध्यरात्री शिडी उतरायची, आणि आत जवळजवळ पाच महिन्यांचा कोंडलेला दमट वास. दिवसभर काम करायला तो वास चालतो, पण त्यात झोपलीस तर सकाळी उठून तुला वाटेल की सगळं संपलंय. तसं नसतं गं, ती नुसती बुरशी असते.

पहिल्या दिवशी एवढंच कर: सगळ्या हॅच उघड, गाद्या आणि उशा बाहेर उन्हात टाक, फळ्या उचलून तळाशी पाणी साचलंय का ते बघ, आणि खाली उतर. बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून भिंती, कपाटांच्या आतल्या बाजू पुसून घे. आणि बघ, व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत कधी ओतायचं नाही. मी एकदा घाईत ओतलं होतं, त्या धुरानं छातीत अशी आग झाली की दोन दिवस धड बोलता येईना. ब्लीच पाण्याच्या टाकीसाठी ठेव. जुनं पाणी पूर्ण काढून टाक, टाकी धुऊन घे, मग ताजं भर.

पाण्याचं तुला मी काय शिकवायचं! आठवडा आठवडा नळाची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुली आपण. नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला, आणि आपण पिंपं, कळश्या, पातेली भरून ठेवतोय. तीनशे लिटरात महिना काढायचा म्हटलं की तिथली युरोपातली माणसं घाबरतात. तू पहिल्याच वर्षी भांडी समुद्राच्या पाण्यात घासून तांब्याभर गोड्या पाण्यात विसळायला लागलीस. या गावानं दिलेलं हे शहाणपण तुझ्याबरोबर येतंच आहे.

मग यंत्रं. बॅटरीला मीटर लाव. 12.7 व्होल्ट दाखवलं तर भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि कित्येक महिने 12 च्या खाली पडून राहिली असेल तर नवीन घ्यायची मनाची तयारी ठेव. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातली रबरी इम्पेलर काढून बघ. एकाच जागी दबून तिच्या पाकळ्या वाकतात आणि मग ऐनवेळी तुटतात. टाकीच्या नळीचं तोंड तर तू आता विसरणारच नाहीस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या ज्या झडपा आहेत, त्यांतली प्रत्येक स्वतःच्या हातानं उघडून-मिटून बघ. ज्या दिवशी क्रेन बोट पाण्यात उतरवेल, त्या दिवशी ती पट्ट्यांत टांगलेली असतानाच आत जाऊन प्रत्येक झडपेपाशी हात फिरव. ओलं लागलं तर लगेच ओरडून सांग. पट्टे एकदा सुटले की क्रेनची माणसं पुढच्या बोटीकडे जातात.

घाई कशाची नाहीच. डिसेंबर ते मार्च तिकडे ईशान्येचा वारा असतो, पाऊस कमी, समुद्र मऊ. डिसेंबरच्या मध्याला पाण्यात उतरलात तरी सगळा मोसम पुढे पडलाय. आणि उतरल्यावर थेट फुकेतची भाषा नको. आधी दोन-तीन वेळा नुसते सकाळी निघून संध्याकाळी परत या. मग को लिपे, तीसेक सागरी मैल. तिथे नांगर टाकून चांगले आठ दिवस राहा. आलेपाक जवळ असू दे.

काल तू म्हणालीस, "इतकं थांबले तर आमच्याकडून काही होत नाही असं वाटेल." कुणाला वाटेल गं? तुला 'तारिणी' बोट आठवते ना? आपल्या नौदलाच्या सहा जणी 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या, वर्तिका जोशी कप्तान. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन असे चार थांबे ठरवलेले. ते चारही झाले, केप हॉर्नला वळसा झाला, दक्षिणेकडचा खवळलेला समुद्र मागे पडला, घराकडचा शेवटचा टप्पा राहिला, आणि एप्रिल 2018 मध्ये सुकाणूत बिघाड झाला. त्या मॉरिशसला, पोर्ट लुईला वळल्या. न ठरवलेला पाचवा थांबा. दुरुस्ती केली आणि 21 मे ला गोव्यात पोचल्या, 254 दिवसांनी. घर इतकं जवळ असताना बंदरात शिरणं किती जड गेलं असेल! पण सुकाणू धड नसताना कुणी पुढे जात नाही. तुझं सुकाणू सध्या धड नाही, एवढंच आहे हे.

आणि अभिलाष टॉमी. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोबच्या शर्यतीत एकटा असताना दक्षिण हिंदी महासागरात वादळानं त्याची बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला. जागचं हलता येईना. फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजानं त्याला उचललं. पुढे शस्त्रक्रिया, कण्यात टायटॅनियम, आणि पुन्हा पाऊल टाकायला शिकण्यापासून सुरुवात. त्याच शर्यतीला तो परत उभा राहिला तो सप्टेंबर 2022 मध्ये, चार वर्षांनी, आणि 29 एप्रिल 2023 ला दुसरा आला. पहिली कोण आली ठाऊक आहे ना? कर्स्टन नॉयशेफर, एक बाई. मी तेव्हा इथे सिडकोत बसून रोज रात्री नकाशावर त्या दोघांचे ठिपके बघत होते. लोक दुसऱ्या नंबराचं कौतुक करतात. मला मधल्या चार वर्षांचं वाटतं.

आता आईचं. तुझ्या घशात खरा काटा तोच आहे.

परवा तुझी काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "आईला अशी टाकून समुद्रावर फिरायला निघाली." तू मान खाली घातलीस, आणि मला फार वाईट वाटलं. अगं, तुझा भाऊ हिंजवडीत राहतो, तेराव्यानंतर चौथ्या दिवशी गेला, त्याला कुणी काही म्हटलं का? आपल्या गल्लीतल्या किती मुली न्यू जर्सीला आहेत. त्या आल्या, गेल्या, कुणी बोट दाखवलं नाही. कारण त्यांचं घर भिंतींचं आहे, तुझं तरंगतं. एवढाच फरक. ती बोट तुमचं घर आहे, तुम्ही तिथे सहलीला जात नाही, हे तू स्वतःशी एकदा ठामपणे म्हण. काकूला पटवायला जाऊ नकोस, त्यात तुझी शक्ती जाईल.

पण आईची घडी मात्र बसवूनच निघ. दिवसभराच्या मावशी ठरल्यात, ते उत्तम झालं. फिजिओथेरपीवाल्याचे पुढच्या दोन महिन्यांचे दिवस लिहून फ्रिजवर लाव, आईच्या डोळ्यांसमोर. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. त्यासाठी आईला बँकेच्या पायऱ्या चढवायची गरज नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरबसल्या निघतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. या वर्षीचं मी बघते. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो तुझ्याकडे, भावाकडे आणि माझ्याकडे, तिघांकडे असू दे.

फोनची वेळ एकच ठरव. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. आई सात वाजता चहा घेते, म्हणजे तुझे साडेनऊ. रोज त्याच वेळी, दहा मिनिटं. दिवसातून सहा वेळा फोन केलास तर तिला वाटेल तू घाबरलीयेस, आणि तू खरंच घाबरशील. समुद्रात असलीस की फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेव, किती दिवस तेही सांग, आणि त्यात एक दिवस जास्तीचा धर. आमच्या आईला मी दोन दिवस सांगितले होते आणि लागले साडेतीन. परत फोन लावला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. पुन्हा तसं कधी केलं नाही.

आणि नवऱ्याविषयी एक. तो तुझ्यासारखा दुःखात नाही, त्यानं बाप गमावलेला नाही. त्याला बोट बघून आनंद होईल, शीळ घालेल, आणि तुला त्याचा राग येईल. एका खोलीएवढ्या जागेत हा राग फार मोठा होतो. पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाक, "मला रोज संध्याकाळी एक तास एकटीला पाहिजे." खाली उतर, जेटीच्या टोकाला जाऊन बस. तो समजूतदार आहे. पण त्याला न सांगता कळेल अशी आशा धरू नकोस, बोटीवरच्या सात वर्षांत ह्यांनाही कधी कळलं नाही.

कागद हाताशी ठेव. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, ते आजच भर. परतीचं तिकीट नाही म्हणून विमानतळावर अडवतात, तेव्हा बोटीची नोंदणी आणि यार्डाचं पत्र दोन्ही छापून पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको.

डब्याचं मी बघितलंय. येसर किलोभर केलंय, काल रात्रीच दळून आणलं. त्याच्या चार पिशव्या वेगळ्या केल्यात, हवा लागली की वास जातो म्हणून. कांदा, लसूण, तिखट, आणि दोन चमचे येसर, दहा मिनिटांत आमटी. बोट हलत असली तरी एका भांड्यात होते. बाजरीच्या खारोड्या आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे, मेतकूट आहे. ठेचा नाही दिला, फ्रिज चालू होईपर्यंत टिकायचा नाही. गाडीत खायला दशम्या आणि धपाटे वेगळ्या डब्यात. पिशव्यांवर मी नावं लिहिलीत, तिथे विचारलं तर सरळ उघडून दाखव.

बाबांचा तो जुना टॉर्च नेऊ का, असं तू विचारत होतीस. ने. सेल काढून ने म्हणजे गंजणार नाही. आणि बिछान्याच्या वर, हॅचजवळ हात पोचेल तिथे अडकव. रात्री नांगर सरकतोय का बघायला उठशील तेव्हा तोच हाताला लागेल.

स्टेशनवर मी येते रात्री. रिक्षा सांगू नकोस, आमची गाडी आहे. आईला जिना उतरवू नका, तिला नमस्कार घरीच कर.